समज कोणाच्या घरी

पोट दुखतंय म्हणून घरी राहिलेली मुलगी सकाळी आठ वाजता पपईच्या ढिगाशी उकिडवी बसून भराभर फळं कागदात गुंडाळतेय, हे बघून कुठल्याही आईला शंका यावी. शोभाबाईला ती तिसऱ्या दिवशी आली. पहिले दोन दिवस तिला शंका घ्यायला फुरसत नव्हती.

तोडणीचे दिवस होते. पौषातला वारा सातपुड्याकडून यायचा आणि बोटं वळायची नाहीत. तोडणीला आलेले मजूर झाडाखाली उभे राहून पिकण्याचा पहिला पिवळा पट्टा पडलेलं फळ हेरायचे, देठाशी सुरी लावायचे, आणि फळ हातात येता येता पांढरा चीक मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचा. शोभाबाई आणि तिचा नवरा गिरधर टोपल्या वाहायचे. बांधावर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे असत. एकेक फळ कागदात गुंडाळून गाडीत चढवायचं. गाडी भरली की ती पार दिल्लीकडे जायची. गाडी दुपारच्या आत भरली नाही तर ड्रायव्हर हॉर्न वाजवून डोकं उठवायचा.

"पोट दुखस ना तुन्हं?" शोभाबाई टोपली उतरवत म्हणाली. "मंग वाकीसन कागद काबर लपेटी ऱ्हायनी?"

रूपाने पुढचा कागद ओढला. आठवीतली मुलगी, अंगाने किडकिडीत, पण जिभेची तिखट. ती गप्प बसली म्हणजे काहीतरी बिघडलं होतं.

"रूपा, शाळामा काय व्हयनं? खरं सांग."

"काही नही व्हयनं."

"मन्हा डोकावर हात ठेव आन सांग."

रूपाने हात उचलला आणि अर्ध्यावरच थांबवला. मग स्वतःच्याच हाताकडे बघून ती रडायला लागली.

त्या हातांचं असं झालं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मजूर कमी पडले म्हणून रूपा आठ दिवस तोडणीला होती. बाह्या खाली ओढ, तेल लाव, असं सांगूनही तिने ऐकलं नाही. चीक लागला, कातडी भाजल्यासारखी झाली, साल निघाली आणि दोन्ही मनगटांवर, बोटांवर पांढुरके डाग राहिले. शहाद्याच्या डॉक्टरांनी मलम दिलं. हळूहळू जातील, आणि कोणाला लागायचे तर मुळीच नाहीत, असं सांगितलं. घरात कोणी त्या डागांचा पुन्हा विचारही केला नव्हता. पपई करणाऱ्या घरात कोणाचे हात धड असतात?

"नळले हात लावू देतस नही माले," रूपा हुंदके देत सांगत होती. "मी हात लावा का माती लाईसन नळ धुतस. म्हनतस, कोडी उनी, तिनं कोड लागी जाई. आन मन्हा शिक्का म्हनतस."

"कसाना शिक्का?"

खेळच होता तो. रूपाचा ज्याला हात लागेल त्याला शिक्का लागला. त्याने पळत जाऊन दुसऱ्याला लावायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला. शाळा सुटताना शिक्का ज्याच्याकडे राहील तो हरला. दिवाळीपासून हा खेळ चालू होता. भूपेंद्रने काढला, हेमांगी आणि नवनीतने वाढवला, आणि आता अख्खा वर्ग खेळत होता. रूपाच्या बाकावर कोणी बसत नव्हतं. तिची वही खाली पडली तर दोन काड्यांच्या चिमटीत धरून तिच्या अंगावर टाकायचे. ती पाणी प्यायची नाही म्हणून डबाही खायची नाही. डबा घरी येऊन म्हशीच्या गोठ्यात बसून खायची.

शोभाबाईने समोरची टोपली बाजूला सारली. सहा आठवडे आपली पोर उपाशीतापाशी शाळेत जात होती आणि आपल्याला कळलं नाही, याची तिला इतकी लाज वाटली की काही वेळ पोरीच्या डोळ्याला डोळा देता येईना.

गिरधरला सांगितलं तेव्हा तोही हळहळला. भला माणूस. जन्मात कोणाशी वर आवाजात बोलला नाही, आणि त्याचा त्याला थोडा अभिमानही होता. दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून तो शाळेत गेला आणि तासाभरात परत आला.

"काय म्हने हेडसर?"

"म्हने, पोरं शेतस, खेळतस. दोन दिनमा भुली जातीन."

"आन तुम्ही काय सांगं?"

"मी काय सांगू?" गिरधर टोपी काढून डोकं खाजवू लागला. "त्यासनी चहा मांगाडा. मी पी लिधा."

"चहा पीसन उनात!" शोभाबाई कडाडली. "आंडेर घर बठेल शे, आन बाप चहा पीसन उना!"

शोभाबाईला राग यायला वेळ लागायचा, पण आला की तो चार दिवस मुक्काम करायचा. दुसऱ्या दिवशी ती स्वतः गेली. डॉक्टरांची चिठ्ठी पदराला गाठ मारून नेली होती.

हेडसर तसे वाईट नव्हते. केस काळेभोर रंगवलेले, सदरा कडक इस्त्रीचा, मराठी पुस्तकातलं. ते मूळचे इकडचेच, पण अहिराणीचा एक शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. त्यांनी चिठ्ठी वाचली, दोनदा मान हलवली आणि परत दिली.

"हे पहा ताई, या वयात असं चालायचंच. फार मनावर घ्यायचं नसतं. तरी तुम्ही लेखी द्या, म्हणजे आम्हाला योग्य ती कार्यवाही करता येईल."

लेखी कोण देणार? शोभाबाई चौथीपर्यंत शिकलेली. अक्षर लावून वाचता यायचं, लिहायला हात वळायचा नाही. गिरधरचं त्याहून जेमतेम. शेवटी आपल्यावरच्या छळाचा अर्ज रूपाने स्वतःच लिहिला. 'मला कोडी म्हणतात' हे वाक्य लिहिताना ती थांबली. आईने "लिख" म्हटलं तेव्हा तिने ते लिहिलं, आणि खाली आईचं नाव घातलं. शोभाबाईने सही केली.

शाळेने कार्यवाही केली नाही असं नाही. वर्गशिक्षिका मयूरी मॅडमनी दोन दिवसांनी तोडगा काढला. रूपाला मधल्या सुट्टीच्या पाच मिनिटं आधी सोडायचं, म्हणजे नळावर कोणी नसताना ती पाणी पिऊन येईल. आणि बाक वेगळा, दाराजवळ.

शोभाबाईला पहिल्यांदा हे बरंच वाटलं. पोरीला पाणी तर मिळेल. पण रूपा संध्याकाळी आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आते तर मॅडमच म्हनतस, मी येगळी शे." मग शोभाबाईच्या लक्षात आलं. ज्यांनी नळ धुतला ते नळावर राजरोस जाणार, आणि आपली पोर चोरासारखी आधी जाऊन येणार.

"माले नही जानं शाळामा," रूपा म्हणाली. "दाखला काढी लया. मी पपई लपेटसू."

तिच्या तोंडून हे ऐकून शोभाबाईच्या काळजाला घरं पडली. गणितात पहिली येणारी पोर. इंग्रजी धडा वाचताना मॅडमची चूक काढणारी पोर. गिरधर म्हणाला, नवापूरला तिच्या मामाकडे ठेवू, तिथे शाळा आहे. शोभाबाई म्हणाली, आपल्या गावात शाळा असताना पोरीने परक्या घरी का राहायचं? तिने काय केलंय? 

आठव्या दिवशी शाळेचं उत्तर आलं. टाईप केलेलं, शिक्का मारलेलं. शोभाबाईने बांधावर बसून बोट फिरवत वाचलं. 'आपल्या तक्रार अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, संबंधित विद्यार्थी व त्यांच्या पालकांना योग्य ती समज देण्यात आली असून सदर प्रकरण निकाली काढण्यात आले आहे. आपल्या पाल्यास शाळेच्या वातावरणाशी जुळवून घेणे शक्य नसल्यास दाखला मिळण्याची व्यवस्था करण्यात येईल.'

अनुषंग तिला कळला नाही. निकाली काढणं अर्धवट कळलं. पण समज दिली, हे मात्र स्पष्ट लिहिलं होतं. पालकांना दिली.

तरीही कालच, कसंबसं समजावून शाळेत धाडलेल्या रूपाची वही पुन्हा काड्यांवर नाचली होती. मग समज वाचली नाही की काय त्या लोकांनी?

ती तशीच उठून शाळेत गेली. हेडसर तालुक्याला गेले होते. क्लार्क करणसिंग हजेरीपटात मान घालून बसला होता.

"भाऊ, हाई समज कव्हय दिधी?"

करणसिंगने वर न बघता म्हटलं, "दिधी व ताई. मागला आठवडामाच दिधी."

"कोनाकोना घर दिधी?"

"घरोघर दिधी. जा आते, माले काम शे."

आता सांगायला हरकत नाही, शोभाबाईला वाटलं समज म्हणजे कागद. आपल्याला जसा शिक्क्याचा कागद आला तसा त्या तीन घरांनाही आला असणार. तिला तो बघायचा होता. आपल्या पोरीबद्दल त्यात काय लिहिलंय? डॉक्टरांची चिठ्ठी लावली आहे की नाही? त्या घरच्यांना वाचता आला नसेल तर रूपाकडून वाचून घ्यावा, इथपर्यंत तिने मनात ठरवलं होतं.

पहिलं घर हेमांगीचं. तिची आई जसोदाबाई अंगणात शेणाच्या गोवऱ्या थापत होती. शोभाबाईला बघून ती हात धुवून आली.

"जसोदाबाई, ती समज दखाडा व जराशी."

"कसानी समज?"

"शाळाथीन उनी व्हई ना. हेमांगीना नावनी. माले देखनी शे."

जसोदाबाई गोंधळली, पण शाळेचा कागद म्हटल्यावर कागदपत्रांची पिशवी काढणं भाग होतं. खुंटीवरची पिशवी तिने ओट्यावर उपडी केली. लाइटबिल निघालं, गॅसचं पुस्तक निघालं, हळदीची बोटं लागलेल्या तीन लग्नपत्रिका निघाल्या, तळाशी लसीचं जुनं कार्ड निघालं.

"हाई शे का देख?"

"हाई तर डोसनं कार्ड शे."

"मंग नही उनी व, बहीण. कसानी व्हती ती?"

शोभाबाईने सांगितलं. नळ, माती, शिक्का, काड्या.  जसोदाबाई ऐकता ऐकता लाल झाली. "मन्ही हेमांगी? आन माले कोनी सांगं भी नही?" तिने आत हाक मारली. हेमांगी दारात आली, शोभाबाईला बघितलं आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागली. त्यातच उत्तर मिळालं.

नवनीतच्या घरीही तेच. त्याची आई कापूस वेचून नुकती आली होती. तिने ट्रंक उघडली, देवघराच्या फळीवर हात फिरवला, नवऱ्याला फोन लावला. समज आली नव्हती.

तिसरं घर भूपेंद्रच्या वडिलांचं, शांतीलालचं. मोठं घर, दारात ट्रॅक्टर, मागे केळीची आणि पपईची बाग, आणि शांतीलाल शाळेच्या संस्थेवर संचालक. या घराची पायरी चढण्याआधी शोभाबाईने पदर दोनदा सारखा केला. नावाजलेल्या घरी जाऊन तुमचा मुलगा असा आहे म्हणणं सोपं नसतं. पण ती तर फक्त कागद बघायला आली होती, असं तिने स्वतःला बजावलं.

शांतीलालची आई शांतीबाई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. सून मोहिनी बाहेर आली. मोहिनी कॉलेज शिकलेली. तिने शोभाबाईच्या हातातलं शाळेचं पत्र घेतलं, वाचलं, आणि तिला हसू फुटलं.

"वहिनी, समज म्हंजे कागद नही. समज देनं म्हंजे रागावनं. बोलीसन सांगनं."

शोभाबाईच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. दोन घरच्या पिशव्या, ट्रंका उपसायला लावल्या आपण! उद्या गावभर होईल. तिला त्या ओसरीवरून उठून थेट शेतात पळावंसं वाटलं. तरी तिने विचारलं, कारण विचारायचं तेवढंच राहिलं होतं.

"मंग तुम्हले बोलीसन सांगं का त्यासनी?"

मोहिनीचं हसू गेलं. तिने पत्र पुन्हा वाचलं.

"नही," ती म्हणाली. "आम्हले तर कोनीच काही नही सांगं."

"काय लिखेल शे?" शांतीबाईने शेंगा बाजूला सारल्या. "मोठाघाई वाच."

मोहिनीने वाचलं. 'त्यांच्या पालकांना' या शब्दाशी म्हातारीने हात वर केला.

"पालक म्हंजे आम्ही ना? मन्हा घरमा येईसन मन्हा आंडोरले, शांतीलालले, कोन समज दई गया, आन माले मालूम नही? शाळाना दप्तरमा आम्हना घरना नावनी समज लिखेल शे?"

शांतीबाईचा राग कशाचा होता हे त्या क्षणी शोभाबाईला नीट कळलं नाही. आपल्या घराला न बोलता बोलल्याची नोंद झाली, याचा तो होता. पण राग होता आणि तो शाळेवर होता, एवढं तिला पुरेसं होतं.

"आते सांग," म्हातारी शोभाबाईला म्हणाली. "काय करं आम्हना पोऱ्यानी?"

शोभाबाईने तिसऱ्यांदा सगळं सांगितलं.  म्हातारीने भूपेंद्रला बोलावलं. उंच, ओठावर नुकती लव आलेला पोरगा.

"रूपानी वही काडीघी कोन उचलस?"

"सगळाच उचलतस, आजी."

"सगळासनं नही इचारं. तुन्हं सांग."

भूपेंद्र खाली बघू लागला. शांतीबाईने शोभाबाईचा हात धरून पुढे ओढला. चिकाचे डाग शोभाबाईच्याही बोटांवर होते, जुने, काळपट.

"देख. आसा डाग आपला मळाना गड्यासले भी शेत. त्यासनी तोडेल पपई इकीसन तुन्ही सायकल उनी. धुई टाक ती सायकल माती लाईसन."

पोरगा रडायला लागला. मोहिनी त्याला जवळ घ्यायला पुढे झाली, मग थांबली आणि तशीच उभी राहिली.

"सकाय आपन शाळामा जासूत," शांतीबाई म्हणाली. "मी भी येस. त्या दोन्ही बायासले भी सांग. माले मन्ही समज देखनी शे."

सकाळी बांधावर गाडी उभी होती, ड्रायव्हरचा हॉर्न चालू होता. शोभाबाई तोंड धुवून निघाली तेव्हा गिरधर टोपली खाली ठेवून ड्रायव्हरकडे गेला.

"हॉर्न बंद कर," तो म्हणाला. "तोडनी दुपारनंतर. आज पोरनं काम शे." आणि धुतलेला सदरा घालायलाही न थांबता, चिकाच्या कपड्यांनिशी तो बायकोच्या पुढे चालू लागला.

हेडसरांच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. एकीवर शांतीबाई बसली, बाकीचे उभे राहिले. चार आया, एक आजी आणि गिरधर. हेडसर उठून उभे राहिले.

"आपण सगळे एकदम! बसा, बसा. करणसिंग, चहा सांग."

"चहा नको, सर," गिरधर म्हणाला. उभ्या जन्मात त्याने चहाला नको म्हणण्याची ही पहिलीच वेळ असावी. शोभाबाईने त्याच्याकडे बघितलं आणि तिला तो लग्नातल्यापेक्षा उंच वाटला.

जसोदाबाई पुढे झाली. "सर, माले समज दिधी म्हने. मन्ही समज कोठे शे?"

"अहो बाई," हेडसर हसले, "समज ही तोंडी असते."

"मंग कोना तोंडघी दिधी? मन्हा कानले तर नही लागनी."

"मन्हाभी नही," नवनीतची आई म्हणाली.

"आमच्याही घरी कोणी आलं नाही, सर," मोहिनीने शुद्ध मराठीत सांगितलं. "फोनही नाही. तुम्ही लिहिलंय की पालकांना समज दिली. कोणत्या तारखेला? आमच्या सह्या कुठे आहेत?"

हेडसरांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. "म्हणजे... तशी प्रक्रिया सुरू आहे. मयूरी मॅडम, जरा या इकडे."

मयूरी मॅडम दारातच उभ्या होत्या. नोकरीला दुसरंच वर्ष. त्यांनी एकदा हेडसरांकडे बघितलं, एकदा शोभाबाईकडे.

"सर, मी तुम्हाला म्हटलं होतं, मुलांना आणि पालकांना बोलावू या," त्या म्हणाल्या.  "तुम्ही म्हणालात, तपासणी येतेय, अर्ज निकाली काढा. म्हणून मी तसं लिहिलं. चूक माझीही आहे."

 हेडसरांनी टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडे ठेवला. आणि मग, इतक्या वर्षांत जे कोणी ऐकलं नव्हतं ते ऐकायला आलं.

"आवो बाई, काय करू मी?" हेडसर म्हणाले. "तपासनी येनार व्हती! वरथीन फोनवर फोन! माले वाटनं, पोरं शेतस, व्हई जाई नीट..."

आपण काय बोललो हे त्यांना स्वतःलाच ऐकू आलं आणि ते थांबले.

"आते कशे खरं बोलनात!" शांतीबाई म्हणाली, आणि जसोदाबाईने पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात शांतीलाल आला. हेडसरांनीच गुपचूप फोन लावला होता. तो आत आला तो मोठ्या आवाजातच, की संस्थेच्या गोष्टी अशा चव्हाट्यावर आणायच्या नसतात. मग त्याला खुर्चीवर आई दिसली.

"तू बठ," शांतीबाई म्हणाली. शांतीलाल बसला. पुढे सबंध वेळ तो फक्त बसला.

"ताई," हेडसर शोभाबाईला म्हणाले, आणि या खेपेला त्यांच्या आवाजात पुस्तक नव्हतं, "काय करू सांगा. मुलांना आठ दिवस शाळेतून काढतो."

शोभाबाईने रात्रभर पाठ करून असं काहीच आणलं नव्हतं. पण विचारल्यावर तिला सगळं सुचलं.

"काढू नका कोनले. घर बठीसन काय शिकतीन ती? हाऊ कागद खोटा शे, तो रद्द करा. काय व्हयनं ते खरं लिखा, आन या सगळ्या बायासनी सही ल्या. डॉक्टरनी चिठ्ठी प्रार्थनाले वाची दखाडा. मन्ही आंडेर पाच मिंट आगोदर नही जावाव, सगळासंगे जाई. आन चुकनात ते सगळासमोर सांगा. नाव लिसन सांगा."

"मुलं माझ्या केबिनमध्ये माफी मागतील. तेवढ्याने..."

"तिले कोडी केबिनमा म्हनेत का, सर?"

हेडसरांनी करणसिंगला हाक मारली. करणसिंगने नोंदवही आणली, मोहिनीने शेजारी उभं राहून एकेक ओळ लिहून घेतली, आणि सगळ्या बायकांनी सह्या केल्या. शांतीबाईने अंगठा उठवला. त्यासाठी तिने शाई दोनदा लावून घेतली, उमटला पाहिजे म्हणून. शोभाबाई बाहेर पडली तेव्हा तिला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं. भांडण असं सरळ जिंकता येतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रूपाला शाळेत न्यायला मात्र जड गेलं. "नही येस मी," ती म्हणत होती. शोभाबाईने जबरदस्ती केली नाही. "तू नको बोलू काही," ती म्हणाली. "नुसतं ऐक. नही पटनं तर तठीन घर चाल. दाखलाभी काढसूत." रूपाने वेणी घातली.

प्रार्थना झाली. मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली काल आलेले सगळे उभे होते; शांतीबाई तेवढी बसली होती. हेडसर माइकसमोर आले. त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, दोनदा वाचली. पपईच्या चिकाने कातडी कशी भाजते ते सांगितलं. मग ते थांबले, निंबाखाली बसलेल्या शांतीबाईकडे बघितलं आणि म्हणाले, "रूपा गिरधर हिला या शाळेत जो त्रास झाला, त्यात मुलांची चूक होती. तशी शाळेचीही होती. तिच्या आईने तक्रार केली, तेव्हा शाळेने काही न करता केलं असं लिहिलं. मुख्याध्यापक म्हणून ती चूक माझी आहे."

पाचवीपासून दहावीपर्यंतच्या रांगांतल्या माना वर झाल्या. हेडसरांना चूक म्हणताना कोणी पाहिलं नव्हतं.

"भूपेंद्र, हेमांगी, नवनीत. पुढे या."

तिघं पुढे आली. भूपेंद्रचे कान लाल झाले होते. एकेकाने हात जोडून, काय केलं ते सांगून माफी मागितली. हेमांगीला बोलताना रडू आलं, पण तिने सगळं सांगितलं. शिक्क्याचंही. रूपा समोर ताठ उभी होती. तिने हात पाठीमागे घेतले नव्हते, डाग दिसत होते.

हेडसरांना हायसं वाटलं. त्यांनी कपाळ पुसलं आणि हसत माइक तिच्याकडे केला.

"मग रूपा, माफ केलंस ना सगळ्यांना?"

सगळं मैदान 'हो' ऐकायला थांबलं होतं. शोभाबाईही.

रूपाने तिघांकडे एकेक करून बघितलं. घाई केली नाही. मग माइकमध्ये स्वच्छ आवाजात म्हणाली, "विचार करून सांगते, सर."

हेडसर "हो, हो, बरोबर" असं काहीतरी म्हणाले. निंबाखाली शांतीबाई मांडीवर थाप मारून हसली. घंटा झाली. रूपा दप्तर खांद्याला लावून आठवीच्या रांगेबरोबर वर्गात निघाली, आणि जाताना आईकडे बघायचं तिला सुचलंही नाही. शोभाबाईला रडू आलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडत होती, आणि तिला त्यात कसलंच दुःख वाटत नव्हतं.

शेताकडे जाताना गिरधर सारखी टोपी काढून पुन्हा घालत होता. आपली मुलगी असं बोलली याचा त्याला धाक वाटत होता की आनंद, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं.

"आते कितला दिन विचार करी ती?" शेवटी त्याने विचारलं.

"जितला दिन तिन्ही मर्जी," शोभाबाई म्हणाली, आणि झपाझप चालू लागली. "आपन कोन इचारनारा?"